बुद्धीचे प्रकार किती आणि यशात त्यांचा वाटा केवढा?

महाराष्ट्रातील शाळांत शिकलेल्या बहुतेकांची बुद्धिमत्तेच्या मोजमापाशी पहिली गाठ शिष्यवृत्ती परीक्षेत पडते. भाषा आणि गणिताच्या जोडीला त्या परीक्षेत ‘बुद्धिमत्ता चाचणी’ नावाचा स्वतंत्र भाग असतो आणि त्यात संख्यामालिका पूर्ण करा, गटात न बसणारे पद ओळखा, आकृतीची आरशातील प्रतिमा कोणती ते सांगा, सांकेतिक भाषेतला शब्द उलगडा, असे प्रश्न येतात. कधी चौथी-सातवीला तर कधी पाचवी-आठवीला होणाऱ्या या परीक्षेसाठी गिरगाव-परळपासून डोंबिवलीपर्यंतच्या शाळांत जादा तास भरतात, जुन्या प्रश्नपत्रिका सोडवून घेतल्या जातात आणि सरावाने मुलांचे गुण वाढतात, हे प्रत्येक शिक्षकाला ठाऊक असते. सरावाने जे वाढते ती बुद्धीच का, आणि नसेल तर त्या प्रश्नपत्रिकेत नेमके काय मोजले जाते, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. पुढे दहावीचा निकाल लागला की हाच प्रश्न अधिक गंभीर होऊन घरात येतो: गणितात बेताचा पण माणसे सांभाळण्यात तरबेज असलेल्या मुलाचे कसे होणार, आणि पंच्याण्णव टक्के मिळवणारी मुलगी नोकरी-व्यवसायातही तेवढीच पुढे राहील का?

मानसशास्त्रात या विषयावर शंभराहून अधिक वर्षे संशोधन झाले आहे. त्याची सुरुवात पॅरिसमध्ये झाली. नेहमीच्या वर्गात ज्यांना शिकणे जड जाते अशी मुले वेळेत ओळखता यावीत म्हणून आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी १९०५ मध्ये सोप्याकडून कठीणाकडे जाणाऱ्या प्रश्नांची मालिका तयार केली. कोणाला मदत लागेल हे शोधणे एवढाच बिने यांचा हेतू होता. बुद्धी ही जन्मतः ठरलेली आणि पुढे न वाढणारी गोष्ट आहे, या समजुतीला त्यांचा स्पष्ट विरोध होता. १९१२ मध्ये विल्यम स्टर्न यांनी मुलाच्या मानसिक वयाला, म्हणजे त्याची उत्तरे साधारण ज्या वयाच्या मुलांसारखी असतात त्या वयाला, त्याच्या प्रत्यक्ष वयाने भागण्याची कल्पना मांडली, आणि १९१६ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या लुईस टर्मन यांनी त्या भागाकाराला शंभराने गुणून बुद्ध्यंक (आयक्यू) रूढ केला. आज हा भागाकार वापरात नाही. एका वयोगटाची सरासरी १०० धरली जाते आणि मोजपट्टी अशी आखली जाते की सुमारे दोनतृतीयांश लोक ८५ ते ११५ च्या दरम्यान यावेत. म्हणजे बुद्ध्यंकातून फक्त समवयस्कांच्या रांगेत आपण कुठे उभे आहोत एवढेच कळते, आणि ती रांग कोणत्या समाजातून आणि कोणत्या काळात लावली आहे यावर ती जागा अवलंबून असते.

म्हणूनच परदेशी चाचणीचे नुसते भाषांतर करून भागत नाही. पॅरिसच्या मुलाला सहज येणारा प्रश्न धारवाडच्या किंवा लालबागच्या मुलाला केवळ अनोळखीपणामुळे अडू शकतो. हे ओळखून तेव्हाच्या मुंबई प्रांतात डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात बिने यांच्या चाचणीचे मराठी आणि कन्नड रूप इथल्या मुलांवर पारखून तयार केले. ‘बिने-कामत चाचणी’ या नावाने ती अजूनही रुग्णालयांत वापरली जाते. मुलांसाठीच्या वेक्सलर या दुसऱ्या बुद्धिमत्ता चाचणीचे भारतीय रूप नागपुरात डॉ. मॅलिन यांच्या हातून घडले.

बुद्धी एक की अनेक, हा वाद बिने यांच्या चाचणीइतकाच जुना आहे. चार्ल्स स्पिअरमन यांनी १९०४ मध्ये दाखवून दिले की एका विषयात चांगले गुण मिळवणारी मुले सरासरीने इतर विषयांतही बरी असतात. शब्दांचे, आकड्यांचे, आकृत्यांचे आणि स्मरणशक्तीचे प्रश्न वरवर कितीही वेगळे दिसले तरी त्यांतल्या गुणांचा एकमेकांशी संबंध असतो, आणि त्यावरून स्पिअरमन यांनी सर्वांच्या मुळाशी असलेल्या एका सामान्य क्षमतेचे अनुमान काढले. गुणांमधला हा परस्परसंबंध त्यानंतर देशोदेशी इतक्या वेळा पडताळला गेला आहे की मानसशास्त्रात त्याच्याइतक्या भक्कम गोष्टी थोड्याच सापडतील. ‘देव एका हाताने काढून घेतो आणि दुसऱ्या हाताने देतो’ हे ऐकायला दिलासा देणारे असले तरी आकडेवारी त्याच्या बाजूने नाही.

रेमंड कॅटेल यांनी या सामान्य क्षमतेचे दोन भाग पाडले, आणि माझ्या मते रोजच्या व्यवहारात सर्वाधिक उपयोगी पडणारी विभागणी हीच आहे. अनोळखी प्रश्न समोर आल्यावर, पूर्वज्ञानाचा आधार नसताना, त्यातला धागा शोधून काढण्याची क्षमता म्हणजे प्रवाही बुद्धी. शिक्षणातून आणि अनुभवातून साठत गेलेले ज्ञान, शब्दसंपत्ती आणि कसब म्हणजे संचित बुद्धी. पहिली तारुण्यात शिखरावर असते आणि पुढे हळूहळू उतरते, दुसरी पन्नाशी-साठीपर्यंत वाढत राहू शकते. मंत्रालयात नव्याने रुजू झालेला तरुण नवी संगणक प्रणाली दोन दिवसांत आत्मसात करतो, पण तीस वर्षे नोकरी झालेले कक्ष अधिकारी फाईलवरची टिपणी अर्धी वाचूनच ती वित्त विभागातून कोणत्या शेऱ्यासह परत येणार हे सांगतात. शिष्यवृत्तीच्या सरावाचे कोडेही यातून बरेचसे सुटते. आरशातील प्रतिमेचा प्रश्न आयुष्यात पहिल्यांदा पाहणारे मूल तो खरोखर नव्याने विचार करून सोडवते; असे शेकडो प्रश्न गिरवलेले मूल मात्र ओळखीची वाट चालत असते. दोघांना सारखेच गुण पडतात, पण त्या गुणांमागचे काम सारखे नसते. सराव वाया गेला असे नाही, मात्र वाढलेल्या गुणांइतकी सामान्य क्षमताही वाढली असे धरून चालता येत नाही.

शिक्षणक्षेत्रात याहून कितीतरी लोकप्रिय ठरली ती हॉवर्ड गार्डनर यांची बहुविध बुद्धिमत्तेची मांडणी. १९८३ मध्ये त्यांनी भाषिक, तार्किक-गणिती, सांगीतिक, अवकाशीय, शारीरिक, इतरांना समजून घेण्याची आणि स्वतःला समजून घेण्याची अशा सात बुद्धी सांगितल्या, पुढे त्यांत निसर्गविषयक बुद्धीची भर घातली, आणि या सर्व एकमेकींपासून बऱ्याच अंशी स्वतंत्र असल्याचे प्रतिपादन केले. बी.एड.च्या अभ्यासात ही मांडणी असते, शाळांच्या भिंतींवर तिचे तक्ते असतात, आणि गाणाऱ्या, खेळणाऱ्या, चित्र काढणाऱ्या मुलांकडे शिक्षकांनी आदराने पाहावे यासाठी तिचा उपयोगही झाला आहे. परंतु शास्त्रीय पुराव्याच्या कसोटीवर ती कमजोर आहे. या क्षमता मोजण्याचे प्रयत्न झाले तेव्हा भाषिक, गणिती आणि अवकाशीय क्षमता एकमेकींशी निगडित असल्याचेच पुन्हा दिसले. शिवाय ‘हा दृश्य पद्धतीने शिकणारा, ती ऐकून शिकणारी’ अशी मुलांची जी वाटणी या मांडणीच्या नावावर केली जाते, ती गार्डनर यांची नाहीच. दोन्ही गोष्टींची गल्लत करू नये असे त्यांनी स्वतः सांगितले आहे.

या लोकप्रियतेचा सर्वांत वाईट उपयोग बोटांच्या ठशांवरून मुलांची बुद्धी सांगणाऱ्या चाचण्यांत झाला आहे. शाळेतल्या पालकसभेत किंवा मॉलमधल्या टेबलावर मुलाचे दहाही ठसे घेतले जातात, काही हजार रुपये आकारले जातात आणि आठ बुद्धींची टक्केवारी असलेला रंगीत अहवाल हातात येतो. ठशांच्या रेषा गर्भावस्थेतच पक्क्या होतात हे खरे आहे. त्यांचा संगीताच्या किंवा गणिताच्या क्षमतेशी संबंध असल्याचा पुरावा नाही, आणि भारतातील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनेही या चाचणीला शास्त्रीय आधार नसल्याचे जाहीर केले आहे. तळहात पाहून भविष्य सांगणाऱ्याला हसणारे सुशिक्षित पालक संगणकाने छापलेल्या ठशांपुढे इतके हतबल का होतात, याचाही कोणी अभ्यास करायला हवा.

भावनिक बुद्धिमत्तेची गोष्ट थोडी वेगळी आहे. पीटर सॅलोवी आणि जॉन मेयर यांनी १९९० मध्ये ती संकल्पना मांडली आणि पुढे ती अशी काटेकोर केली: स्वतःच्या आणि इतरांच्या भावना ओळखणे, त्या विचारासाठी वापरणे, त्यांचा अर्थ लावणे आणि त्यांना आवर घालणे. १९९५ मध्ये डॅनियल गोलमन यांच्या पुस्तकामुळे ती जगभर पोहोचली आणि ‘यशात बुद्ध्यंकाचा वाटा वीस टक्के, भावनिक बुद्धीचा ऐंशी टक्के’ हे वाक्य प्रत्येक व्यक्तिमत्त्व विकास शिबिराच्या फळ्यावर आले. गोलमन यांनी तसे लिहिलेले नाही. त्यांनी बुद्ध्यंकाचा वाटा फार तर वीस टक्के सांगून उरलेला भाग इतर घटकांवर सोडला होता, आणि त्या इतर घटकांत घरची परिस्थिती व नशीबही येते. तरीही जिथे दिवसभर माणसांशीच गाठ असते अशा कामांत या क्षमतेचा उपयोग दिसतो. महापालिकेच्या रुग्णालयातील बाह्यरुग्ण विभागात सकाळी अकरा वाजता रांग दारापर्यंत आलेली असताना, ओरडणाऱ्या नातेवाइकाचा राग मुळात भीतीपोटी आहे हे ओळखून त्याला दोन वाक्यांत खुर्चीवर बसवणारी परिचारिका जे करते, ते औषधशास्त्राच्या गुणांवरून सांगता येणार नाही.

आता यशाकडे वळू. संशोधनात दोन गोष्टींमधला असा संबंध किती घट्ट आहे ते ० ते १ या दरम्यानच्या आकड्याने दाखवतात. ० म्हणजे काहीच संबंध नाही आणि १ म्हणजे एकावरून दुसरी अचूक सांगता येते. टार्मो स्ट्रेन्झे यांनी २००७ मध्ये अनेक दीर्घकालीन अभ्यास एकत्र केले तेव्हा लहानपणीच्या किंवा तरुणपणीच्या बुद्धीचा संबंध पुढच्या शिक्षणाशी ०.५६, व्यवसायाच्या दर्जाशी ०.४ च्या वर आणि उत्पन्नाशी मात्र ०.२ च्या आसपास आढळला. हे तीन आकडे सावकाश वाचण्यासारखे आहेत. परीक्षा आणि प्रवेश यांच्या टप्प्यावर बुद्धीचा जोर सर्वाधिक दिसतो आणि पैशापर्यंत पोहोचेस्तोवर तो बराच ओसरतो, कारण मध्ये कुटुंब, ओळखी, शहर, क्षेत्राची निवड आणि तेजी-मंदी अशा अनेक गोष्टी येतात. कामातल्या कामगिरीबाबतही असेच झाले: १९९८ मध्ये श्मिट आणि हंटर यांनी हा संबंध ०.५१ असल्याचे सांगितले होते, परंतु २०२२ मध्ये सॅकेट आणि सहकाऱ्यांनी जुन्या आकडेमोडीतील दुरुस्त्या तपासल्यावर तो ०.३१ च्या आसपास आला. एवढा संबंध हजारो लोकांच्या गटात स्पष्ट दिसतो, पण समोर बसलेल्या एका मुलाचे भविष्य सांगायला तो पुरत नाही.

बुद्ध्यंकाला काहीच अर्थ नाही, असा उलटा निष्कर्ष काढणेही चूक ठरेल. स्कॉटलंडमध्ये १ जून १९३२ रोजी १९२१ साली जन्मलेल्या जवळपास सर्व शाळकरी मुलांची, म्हणजे ८७,४९८ जणांची, एकच चाचणी घेण्यात आली. अनेक दशकांनी इयान डिअरी आणि सहकाऱ्यांनी त्यातील काहींना शोधून वृद्धापकाळी तीच चाचणी पुन्हा दिली, तेव्हा अकराव्या वर्षीच्या क्रमाचे बरेचसे प्रतिबिंब ऐंशीच्या घरातही दिसले. जास्त गुण मिळवणारे सरासरीने जास्त जगलेही. मात्र याच विषयातला टर्मन यांचा प्रसिद्ध अभ्यास नेमकी मर्यादा दाखवतो. १९२१ पासून त्यांनी उच्च बुद्ध्यंकाची सुमारे दीड हजार मुले निवडून त्यांचा आयुष्यभर मागोवा घेतला. बहुतेकांचे चांगले झाले, पण त्यांतून एकही नोबेल विजेता निघाला नाही. निवडीच्या चाचणीत कमी पडलेल्या दोन मुलांना, विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ यांना, मात्र पुढे १९५६ आणि १९६८ मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले.

चाचणीच्या कागदावर न दिसणारी क्षमता जवळून पाहायची असेल तर सकाळी दादरच्या फुलबाजारात जावे. शेवंतीचा भाव १६० रुपये किलो आहे आणि गिऱ्हाईक दीड पाव मागते. टोपलीमागची चौदा-पंधरा वर्षांची मुलगी तागडीवरून नजर न काढता म्हणते, ‘पाव चाळीसला, अर्धा पाव वीसला, साठ झाले.’ पंधराचे दोन गजरे त्यात पडतात. गिऱ्हाईक दोनशेची नोट पुढे करते, आणि ती वजाबाकी करतच नाही: ‘नव्वद झाले, हे दहा, शंभर, आणि हे शंभर, दोनशे.’ पावकी-निमकी पाठ असलेल्या आजोबांच्या पिढीलाही हेच तंत्र परिचित होते. याच मुलीला कागदावर ‘एक किलोग्रॅमचा दर १६० रुपये असल्यास ३७५ ग्रॅमची किंमत काढा’ असे विचारले तर तिचे उत्तर चुकण्याची बरीच शक्यता आहे.

हा केवळ तर्क नाही. ब्राझीलमधील रेसिफे शहरात रस्त्यावर माल विकणाऱ्या मुलांचा १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की विक्री करताना त्यांची ९८ टक्के उत्तरे बरोबर आली, आणि तीच आकडेमोड शाळेच्या पद्धतीने कागदावर मांडल्यावर ३७ टक्केच. पस्तीसच्या दराने दहा शहाळ्यांचा हिशेब करताना तिथल्या एका मुलाने दहाने गुणण्यासाठी शून्य जोडले नाही. तीन शहाळ्यांचे १०५, आणखी तिनांचे मिळून २१०, असे करत तो ३५० वर पोहोचला. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांतील मुलांवर केलेले काम २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातही बाजारातली मुले गुंतागुंतीचे व्यवहार तोंडी बिनचूक करत होती आणि शाळेच्या गणितात अडखळत होती. तर बाजारात काम न करणारी शाळकरी मुले वहीतली गणिते सोडवत होती आणि बाजाराचे साधे हिशेब त्यांना जमत नव्हते. रॉबर्ट स्टर्नबर्ग यांनी विश्लेषक, सर्जक आणि व्यावहारिक अशा तीन बुद्धी मांडल्या होत्या, आणि बाजारातील मुलांना व्यावहारिक बुद्धीच्या रकान्यात टाकून मोकळे होण्याचा मोह होतो. मला तो पटत नाही. आकडेमोड तीच आहे. ती जिथे शिकली गेली तिथून दुसरीकडे नेण्याची सोय कोणी केली नाही, एवढाच फरक आहे. बुद्धीचे प्रकार मोजत बसण्यापेक्षा ती कोणत्या परिस्थितीत उघडते आणि कोणत्या परिस्थितीत अडते, हा प्रश्न अधिक कामाचा आहे, आणि त्याचे उत्तर मुलाबरोबर शाळेलाही द्यावे लागते.

परिस्थितीचा प्रभाव किती खोल असतो याचे उदाहरण तमिळनाडूतील ऊस उत्पादकांचे आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ४६४ शेतकऱ्यांना आकृत्यांची चाचणी दोनदा दिली गेली: एकदा कापणीपूर्वी, हातात पैसे नसताना, आणि एकदा ऊस विकून पैसे आल्यावर. माणसे तीच असूनही कापणीपूर्वीचे गुण कमी होते. या निष्कर्षाच्या अर्थावर तज्ज्ञांत चर्चा झाली आहे, परंतु महिनाअखेरीस भाडे आणि शाळेची फी एकाच वेळी समोर आलेल्या कोणालाही तो फारसा अनोळखी वाटणार नाही. शाळेचा परिणाम तर याहून पक्का आहे. सहा लाखांहून अधिक व्यक्तींची माहिती एकत्र करून रिची आणि टकर-ड्रॉब यांनी २०१८ मध्ये दाखवले की शिक्षणाच्या प्रत्येक अधिक वर्षामागे बुद्ध्यंक साधारण एक ते पाच गुणांनी वाढतो. वरळीत बीडीडी चाळींजवळच्या सुदाम काळू अहिरे मार्गाला लोक ‘अभ्यास गल्ली’ म्हणतात, कारण दहा बाय बाराच्या खोलीत जागा नसलेली मुले तिथे दिव्यांखाली येऊन वाचत असतात. मुंबईतल्या रात्रशाळा, मंडळांच्या अभ्यासिका आणि ही गल्ली यांच्याकडे समाजसेवा म्हणून पाहिले जाते. बुद्धी वाढवण्याचे सिद्ध झालेले जे थोडे उपाय आहेत त्यांतही त्यांची गणना व्हायला हरकत नाही.

चिकाटी आणि नियमितपणा यांना कोणी बुद्धी म्हणत नाही, पण पोरोपॅट यांनी २००९ मध्ये दाखवल्याप्रमाणे महाविद्यालयीन गुणांशी त्यांचे नाते जवळजवळ बुद्धीइतकेच असते. संयमाच्या त्या प्रसिद्ध प्रयोगाबाबत मात्र सावध राहावे, ज्यात समोर ठेवलेला गोड खाऊ (मार्शमॅलो) लगेच न खाता, थांबल्यास आणखी मिळेल म्हणून थांबणारी मुले पुढे यशस्वी झाल्याचे सांगतात. २०१८ मध्ये तो मोठ्या गटावर पुन्हा तपासला गेला तेव्हा संबंध निम्म्यावर आला, आणि कुटुंबाची परिस्थिती लक्षात घेतल्यावर फारसा उरला नाही. उद्या खाऊ नक्की मिळणार याची खात्री ज्या घरात असते, तिथले मूल थांबू शकते.

मग चाचणी करावी तरी केव्हा? केवळ मूल किती हुशार आहे या कुतूहलापोटी करू नये, असे माझे मत आहे. बोलण्यात चुणचुणीत असलेले मूल वाचनात आणि लेखनात सतत मागे पडत असेल, फळ्यावरचे उतरवताना अक्षरे गाळत असेल आणि घरी त्याला आळशी ठरवले जात असेल, तेव्हा मात्र प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञाकडून केलेली चाचणी मोलाची ठरते. अशा वेळी पालक एकूण बुद्ध्यंकाच्या आकड्याकडेच पाहतात, तर तज्ज्ञ शाब्दिक आणि कृतीवर आधारित गुणांमधली तफावत, आणि बुद्धी सामान्य असूनही वाचनाची पातळी किती इयत्ता मागे आहे, हे पाहतात. शीव, केईएम आणि नायर या महापालिका रुग्णालयांत अध्ययन अक्षमतेची तपासणी होते, आणि राज्य मंडळाच्या परीक्षेत अतिरिक्त वेळेसारख्या सवलती तशा प्रमाणपत्रावर मिळतात. त्यासाठी अनेक फेऱ्या माराव्या लागत असल्याने दहावीचे वर्ष उजाडण्याची वाट न पाहता आठवीतच, किंवा त्याआधी, नाव नोंदवलेले बरे.